मूक वेस्टर्नमधले चेहरे : कोण होतं आणि कोणाला बाजूला केलं

वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या काउबॉयच्या आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या गोष्टींचे चित्रपट. त्यांच्याबद्दल प्रश्न असा आला आहे : "सुरुवातीचे वेस्टर्न चित्रपट गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी काढले, त्यात बाकीच्यांना जागाच नव्हती. पण तो काळच तसा होता. मग आजच्या मापाने त्यांना मोजण्यात काय अर्थ?"

मी गेली पंचवीसहून अधिक वर्षं फिल्म सोसायट्यांमध्ये आणि रसास्वाद शिबिरांमध्ये मूकपट दाखवतो, त्यांच्यावर बोलतो. हा प्रश्न जवळपास प्रत्येक शिबिरात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं उत्तर असं आहे की प्रश्नातली दोन्ही गृहीतकं चुकीची आहेत. जागा नव्हती असं नाही. जागा होती, ती काढून घेतली गेली. आणि जी गोष्ट 1910 मध्ये होऊ शकत होती ती 1918 मध्ये होत नसेल, तर "तो काळच तसा होता" हे कारण टिकत नाही.

आधी शब्दांबद्दल. आपण मराठीत अजून सर्रास "रेड इंडियन" म्हणतो. लहानपणी कॉमिक्स वाचताना मीही तेच म्हणायचो. आता म्हणत नाही. मी "मूळनिवासी" म्हणतो आणि जमात ठाऊक असेल तर तिचं नाव घेतो : लकोटा, हो-चंक, कायोवा, कोमँची. शिष्टाचार हे त्याचं एकच कारण नाही. वेस्टर्न चित्रपटांनी या वेगवेगळ्या लोकांचा एकच पिसांचा टोप घातलेला माणूस करून टाकला. आपणही एकच शब्द वापरला, तर पडद्यावर काय घडतंय ते आपल्याला दिसतच नाही.

आता 1910 कडे जाऊ. त्या वेळी पाथे ही फ्रेंच कंपनी अमेरिकेत जोरात होती. पण तिचे वेस्टर्न खोटे वाटतात अशी तिथल्या व्यवसायातल्या मासिकांची ओरड होती. पाथेला "अस्सल" माणसं हवी होती. त्यांनी जेम्स यंग डियर आणि त्यांची पत्नी लिलियन सेंट सीर यांना घेतलं. लिलियन नेब्रास्कातल्या हो-चंक जमातीच्या. त्यांचा जन्म 1884 चा, शिक्षण पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या निवासी शाळेत. पडद्यावर त्या "रेड विंग" या नावाने येत. यंग डियर स्वतःला विनेबागो (हो-चंक जमातीचंच दुसरं नाव) म्हणवून घेत. नंतरच्या संशोधनातून कळलं की त्यांचा जन्म वॉशिंग्टन शहरातला, आणि घराण्यात कृष्णवर्णीय, गोरे आणि डेलावेअरचे नँटिकोक अशी तिन्ही रक्तं होती. हे ऐकून काहीजण म्हणतात, मग ते "खरे" मूळनिवासी नव्हतेच. मला हा निवाडा पटत नाही. ज्या समाजात कृष्णवर्णीय रक्ताचा नुसता उल्लेख झाला तरी दारं बंद व्हायची, तिथे माणसाने स्वतःची कोणती ओळख पुढे करायची हे समाजच ठरवत होता.

हे यंग डियर पुढे लॉस एंजेलिसमधल्या पाथेच्या स्टुडिओचे प्रमुख झाले. नीट विचार करा : 1910 नंतरच्या दोन-तीन वर्षांत एका मोठ्या कंपनीचा पश्चिम किनाऱ्यावरचा स्टुडिओ मूळनिवासी वंशाचा एक माणूस चालवत होता. पटकथा त्यांच्या, दिग्दर्शन त्यांचं, नायिका बऱ्याचदा त्यांची पत्नी.

त्यांच्या वाचलेल्या मोजक्या कामांपैकी एक म्हणजे 1910 चा 'व्हाइट फॉन्स डिव्होशन'. एक रीळ, साधारण अकरा मिनिटं, चित्रण न्यू जर्सीतलं. 2008 मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत गेला. गोष्ट अशी : दाकोटातला एक गोरा वसाहतदार, त्याची मूळनिवासी बायको व्हाइट फॉन आणि एक लहान मुलगी. नवऱ्याला कळतं की दूर कुठेतरी त्याला मोठा वारसा मिळाला आहे. तो गेला तर परतणार नाही या भीतीने बायको स्वतःच्या छातीत सुरी खुपसते. नवरा धावत येऊन सुरी उचलतो, आणि नेमकं तेव्हाच मुलगी दारात येते. बापाच्या हातात सुरी, आई जमिनीवर. ती धावत जाऊन जमातीला सांगते. पाठलाग होतो, बाप पकडला जातो. शिक्षा द्यायची म्हणून सुरी मुलीच्याच हातात देतात, पण तिला ते करवत नाही. तेवढ्यात जखमी व्हाइट फॉन येते आणि खरं काय ते सांगते. नवरा सुटतो, वारसा सोडून देतो आणि बायको-मुलीबरोबर तिथेच राहतो.

आता 1914 चा 'द स्क्वॉ मॅन' घ्या. हॉलिवूड गावात चित्रित झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून त्याचं नाव सगळे घेतात. सेसिल बी. डेमिल आणि ऑस्कर अॅपफेल यांनी तो एडविन मिल्टन रॉइल यांच्या 1905 च्या गाजलेल्या नाटकावरून केला. (शीर्षकातला "स्क्वॉ" हा मूळनिवासी स्त्रीसाठीचा अपमानकारक शब्द. 2022 मध्ये अमेरिकन सरकारने सुमारे 650 ठिकाणांच्या नावांतून तो काढून टाकला.) इथेही गोरा नवरा, मूळनिवासी बायको, लहान मूल आणि इंग्लंडहून आलेला वारसा. पण इथे बायको, नॅटुरिच, शेवटी स्वतःला गोळी घालून घेते. मूल इंग्लंडला जायला मोकळं होतं, नवऱ्याची वाटही मोकळी होते.

म्हणजे कथेचा साचा एकच आणि शेवट दोन. यंग डियर यांच्या हातात बायको जगते आणि घर टिकतं. डेमिल यांच्या हातात बायको मरते, म्हणून प्रेक्षकाची अडचण सुटते. कॅमेऱ्यामागे कोण आहे याने काय फरक पडतो असं कोणी विचारलं की मी हे दोन शेवट एकामागून एक दाखवतो. बहुतेकदा पुढे फार काही बोलावं लागत नाही.

'द स्क्वॉ मॅन'मध्ये नॅटुरिच झाल्या होत्या लिलियन सेंट सीर, म्हणजे हो-चंक जमातीच्या अभिनेत्री. त्यांचं काम आजही पाहण्यासारखं आहे. बाकीचे कलाकार नाटकातल्यासारखे हात फेकत असताना त्या स्थिर उभ्या राहतात, मान किंचित वळवतात, आणि नजर तिथेच जाते. डेमिल यांनी हीच गोष्ट 1918 मध्ये पुन्हा काढली. तेव्हा नॅटुरिचच्या जागी अॅन लिटल ही गोरी अभिनेत्री होती. तिसऱ्यांदा, 1931 मध्ये, बोलपट काढला, तेव्हा ती भूमिका मेक्सिकन अभिनेत्री लुपे व्हेलेस यांना मिळाली. दिग्दर्शक तोच, कथा तीच, भूमिका तीच. सतरा वर्षांत मूळनिवासी स्त्रीच्या भूमिकेतून मूळनिवासी स्त्री तेवढी गेली.

इथे आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. पण पुढच्याच 'मोहिनी भस्मासूर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. बाई मिळत नव्हती तोवर पुरुष, बाई मिळाली की बाई. हॉलिवूडमध्ये याच्या उलट घडलं. तिथे माणूस आधीच होता, त्याला बाजूला केलं.

बाजूला करण्याची पद्धत फार पूर्वीपासून तयार होत होती. 1909 मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या 'द मेंडेड ल्यूट'मध्ये यंग डियर आणि सेंट सीर दोघेही आहेत, पण मुख्य जोडी रंगवलेल्या गोऱ्या कलाकारांची. पुढच्या वर्षीच्या 'रमोना'मध्ये अर्धी मूळनिवासी नायिका झाल्या मेरी पिकफर्ड, गोऱ्या अभिनेत्री. खऱ्या माणसांमुळे दृश्य अस्सल दिसायचं, पण भावना गोऱ्या चेहऱ्यावरूनच दाखवायची, अशी ही विभागणी होती.

या विभागणीचं सगळ्यात मोठं कारखानारूप म्हणजे टॉमस इन्स यांचा स्टुडिओ. सांता मोनिकाजवळच्या डोंगरात पसरलेल्या या जागेला लोक इन्सव्हिल म्हणत. ओक्लाहोमाच्या 101 रँच या फिरत्या खेळातले काउबॉय आणि घोडे इन्स यांनी तिथे आणले, आणि दक्षिण डकोटातल्या पाइन रिजहून सरकारी परवानगीने लकोटा कुटुंबं आणली. लोक तिथेच तंबू टाकून राहत.

1912 चा 'द इन्व्हेडर्स' तिथला. मूक वेस्टर्न एकच पाहायचा असेल तर मी हा सुचवेन. सरकारने जमातीशी करार केला आहे की या जमिनीत कोणी शिरणार नाही. रेल्वेचे मोजणीदार शिरतात. जमात तक्रार करते, कोणी ऐकत नाही, मग युद्ध होतं. चित्रपटाचं नाव "आक्रमक" आणि आक्रमण करतात गोरे. प्रमुखाच्या भूमिकेत विल्यम ईगल शर्ट हे लकोटा अभिनेते आहेत, आणि त्यांचा राग समजून घ्यायला चित्रपट पुरेसा वेळ देतो. पण प्रमुखाची मुलगी स्काय स्टार, जी गोऱ्यांना सावध करायला जीव धोक्यात घालते आणि मरते, ती भूमिका कोणाची? अॅन लिटल यांची. सहा वर्षांनी नॅटुरिच झालेल्या त्याच. बाप खरा, मुलगी रंगवलेली. जिच्यावर प्रेक्षकाने जीव लावायचा ती गोरी असली पाहिजे, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो पाळला जात होता.

आणि तेव्हा कोणी काही बोललं नाही असं मुळीच नाही. 1911 मध्ये वेगवेगळ्या जमातींचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले आणि चित्रपटांत आम्हाला रानटी आणि खोटारडे दाखवतात अशी तक्रार त्यांनी सरकारकडे केली. चित्रपट व्यवसायाच्या मासिकात त्याची बातमीही छापून आली. लूथर स्टँडिंग बेअर हे लकोटा गृहस्थ 1912 मध्ये इन्स यांच्याकडे कामाला आले. त्यांच्या 1928 च्या आत्मकथनात त्यांनी लिहिलं आहे की, तुमच्या चित्रपटांत आमच्या लोकांचं काहीच बरोबर नसतं, हे त्यांनी इन्स यांना समोरासमोर सांगितलं होतं. "तेव्हाच्या लोकांना हे खटकत नव्हतं" असं म्हणताना आपण "तेव्हाचे लोक" म्हणून फक्त गोरे प्रेक्षक मोजतो. ज्यांना खटकत होतं तेही तेव्हाचेच लोक होते.

एका तांत्रिक गोष्टीवर थोडं थांबतो, कारण यावर कोणी बोलत नाही आणि मला ती दर खेळाला भेडसावते. त्या काळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक. ती निळ्या-हिरव्या रंगाला संवेदनशील, लाल रंगाला जवळपास आंधळी. लालसर किंवा तांबूस त्वचा तिच्यावर प्रत्यक्षापेक्षा काळपट उमटते, निळे डोळे पांढरे पडतात. गोरे कलाकार मेकअप करून हे सावरून घेत. एकाच दृश्यात मेकअप केलेला गोरा नट आणि उन्हात उभा लकोटा माणूस असेल तर त्या माणसाच्या चेहऱ्यावरचे बारकावे आधीच बुडालेले असतात. त्यात तो मागच्या रांगेत. म्हणजे "गर्दी" तयार होण्यात दिग्दर्शकाच्या नजरेइतकाच रसायनाचाही वाटा होता.

दुसरी गोष्ट वेगाची. ही चित्रं हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटींच्या वेगाने घेतलेली. ती चोवीसच्या वेगाने दाखवली की सगळे तुरुतुरु पळतात. गोऱ्या नायकाची घोडदौड त्यात एक वेळ खपते. पण मूळनिवासींचं नृत्य किंवा प्रार्थना पळाली की प्रेक्षक हसतो. एका गावी माझ्या खेळात हेच झालं. प्रोजेक्टरचा वेग बदलायचं राहिलं, अंत्यविधीच्या दृश्याला हशा पिकला, आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून वेग स्वतः तपासल्याशिवाय मी दिवे मालवत नाही.

संगीताचंही तसंच. मूकपटाबरोबर वाजवायला पियानोवादकांसाठी तयार चिजांची पुस्तकं मिळत. 1913 मध्ये निघालेल्या जे. एस. झामेक्निक यांच्या संग्रहात "इंडियन म्युझिक" नावाची एक चीज आहे. त्या काळच्या अशा चिजांचा साचा ठरलेला : डाव्या हाताने ढोलासारखा ठोका, त्यातला पहिला जड, बाकीचे हलके. पडद्यावर मूळनिवासी आला रे आला की हे सुरू. तो पाणी भरत असो की मुलाला खेळवत असो, संगीत सांगतं, धोका आहे. आजही अनेक डिजिटल आवृत्त्यांवर नवं म्हणून हेच संगीत लावलेलं असतं. शंका आली तर आवाज बंद करून बघा, चित्रपट वेगळाच दिसेल.

कृष्णवर्णीय काउबॉयबद्दल हमखास विचारलं जातं. खऱ्या पश्चिमेत गुरं हाकणाऱ्यांपैकी चारातला एक कृष्णवर्णीय होता, असा इतिहासकारांचा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. मोठ्या स्टुडिओंच्या वेस्टर्नमध्ये तो जवळजवळ नाहीच. त्यामुळे त्यांचे चित्रपट वेगळ्या वाटेने आले. टेक्ससचे बिल पिकेट, धावत्या बैलाला शिंगांनी धरून लोळवण्यात नावाजलेले, 101 रँचच्या खेळाचं मोठं आकर्षण होते. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचे निर्माते रिचर्ड नॉर्मन स्वतः गोरे, पण कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी चित्रपट काढत. त्यांनी पिकेट यांना घेऊन 'द बुल-डॉगर' आणि 'द क्रिमझन स्कल' हे दोन चित्रपट काढले. 1922 च्या सुमाराचे हे चित्रपट, आणि चित्रणासाठी निवडलं ओक्लाहोमातलं बोली, सगळी वस्ती कृष्णवर्णीयांची असलेलं गाव. पहिल्याचे तुकडे उरले आहेत, दुसरा हरवला.

नोबल जॉन्सन यांची कहाणी मला जास्त बोचते. देखणे, उंच, कृष्णवर्णीय अभिनेते. 1916 मध्ये त्यांनी लिंकन मोशन पिक्चर कंपनी उभी केली. कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या समाजासाठी काढलेल्या पहिल्या काही चित्रपट कंपन्यांपैकी ती एक. तिच्या 'द ट्रूपर ऑफ ट्रूप के'मध्ये कृष्णवर्णीय घोडदळाचे सैनिक नायक होते. जॉन्सन युनिव्हर्सलमध्येही कामं करत. 1918 मध्ये ते लिंकनमधून बाहेर पडले. त्यानंतर हॉलिवूडमध्ये त्यांनी दशकानुदशकं काम केलं, आणि त्यांच्या वाट्याला जे आलं त्यात मूळनिवासी प्रमुख, अरब, दक्षिण समुद्रातले "रानटी" असं सगळं होतं. 1949 च्या एका प्रसिद्ध वेस्टर्नमध्येही ते मूळनिवासी लढवय्येच आहेत. गोरा नसलेला माणूस कुठल्याही गोरा नसलेल्या माणसाच्या जागी चालतो, हा स्टुडिओंचा हिशेब त्यांच्या एका कारकिर्दीत पूर्ण दिसतो.

मेक्सिकनांच्या बाबतीत मात्र एक वेगळी घटना घडली. सुरुवातीच्या वेस्टर्नमध्ये मेक्सिकन खलनायकासाठी "ग्रीझर" ही शिवी थेट शीर्षकात असायची. 1922 मध्ये मेक्सिकोच्या सरकारने असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांवर बंदी घातली. हॉलिवूडला मेक्सिकोची बाजारपेठ हवी होती, म्हणून ते नरमले. खलनायक गेला नाही, पण तो आता नकाशावर नसलेल्या कुठल्यातरी देशाचा झाला. मूळनिवासींच्या मागे उभं राहायला कोणतंही सरकार नव्हतं आणि तिकिटबारीवर त्यांचं वजन नव्हतं. 1911 ची तक्रार आणि 1922 ची बंदी यांतला फरक एवढाच.

स्त्रियांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळं लिहायला हवं. हेलन होम्स आणि हेलन गिब्सन यांनी धावत्या रेल्वेवर स्वतः साहसी कामं केली, आणि रूथ अॅन बाल्डविन यांनी 1917 मध्ये एक पूर्ण वेस्टर्न दिग्दर्शित केला. इथेही दार आधी उघडं होतं आणि नंतर बंद झालं.

ते बंद का झालं? माझ्या मते मुख्य कारण पैसा. 1910 च्या आसपास चित्रपट एका रिळाचे, स्वस्त, आठवड्याला ढिगाने निघणारे. नावीन्य हवं होतं, म्हणून जोखीम घेतली जायची. 1914 नंतर लांब चित्रपट आले, भांडवल वाढलं, तारे आले. तारा म्हणजे पोस्टरवरचा चेहरा, आणि पोस्टरवरचा चेहरा गोराच हवा असं भांडवल घालणाऱ्यांनी ठरवलं. यंग डियर 1913 मध्ये कोर्टकचेऱ्यांत अडकले आणि त्यांचं स्थान गेलं. तसं स्थान त्यानंतर दुसऱ्या कोणाला मिळालं नाही. 1925 च्या 'द व्हॅनिशिंग अमेरिकन'मध्ये सहानुभूती भरपूर आहे, मागे खरे नावाहो लोक आहेत, पण नावाहो नायक झाले आहेत रिचर्ड डिक्स हे गोरे नट, आणि शेवटी तो नायक मरतो. 1930 ची निर्मितीसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही याची हॉलिवूडची नियमावली, 1934 पासून कडक लागू झाली. तिने गोऱ्या-काळ्यांमधले संबंध दाखवायला लेखी बंदी घातली, आणि मिश्र संसाराच्या गोष्टी एकूणच अवघड करून ठेवल्या. 'व्हाइट फॉन्स डिव्होशन'चा शेवट 1910 मध्ये सहज झाला. पंचवीस वर्षांनी तो कोणी सुचवला असता तर स्टुडिओला आधी संहितेच्या कार्यालयाचा विचार करावा लागला असता.

एक सावधगिरी बाळगायला हवी. आपण जे बोलतो ते उरलेल्या रिळांवरून. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 2013 च्या पाहणीनुसार, 1912 ते 1929 मधल्या लांब मूकपटांपैकी मूळ स्वरूपात जेमतेम 14 टक्के शिल्लक आहेत. छोट्या कंपन्यांचे आणि कृष्णवर्णीय निर्मात्यांचे चित्रपट जपायला पैसा आणि गोदामं नव्हती. म्हणून "उरलेल्या चित्रपटांत ते दिसत नाहीत" आणि "ते नव्हतेच" ही दोन विधानं कधीही एकमेकांच्या जागी वापरू नका.

'द डॉटर ऑफ डॉन'चं उदाहरण यासाठीच सांगतो. 1920 चा चित्रपट, चित्रण ओक्लाहोमाच्या विचिटा डोंगररांगांत, कलाकार सगळेच्या सगळे कायोवा आणि कोमँची, सुमारे तीनशे. गोरा माणूस एकही नाही. प्रसिद्ध कोमँची नेते क्वाना पार्कर यांचा मुलगा व्हाइट पार्कर त्यात आहे. लोकांनी स्वतःचे कपडे, घोडे, तंबू आणले होते. गोष्ट साधी, प्रेमाची आणि मत्सराची. हा चित्रपट हरवला असं सगळे धरून चालले होते. 2005 च्या सुमाराला उत्तर कॅरोलायनात एका खासगी गुप्तहेराला त्याच्या कामाच्या मोबदल्यात काही जुनी रिळं मिळाली, आणि ती याच चित्रपटाची निघाली. ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीने तो दुरुस्त करून घेतला, 2012 मध्ये दाखवला, आणि पुढच्या वर्षी तो राष्ट्रीय नोंदणीत गेला. दुरुस्तीच्या काळात कायोवा आणि कोमँची कुटुंबांतल्या वयस्कर माणसांनी पडद्यावर आपले आजी-आजोबा ओळखले.

पाहायला सुरुवात करायची तर 'व्हाइट फॉन्स डिव्होशन', 'द इन्व्हेडर्स', 1914 चा 'द स्क्वॉ मॅन' आणि मग 'द डॉटर ऑफ डॉन', या क्रमाने पाहा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवा. जवळून चेहरा कोणाचा दाखवतात, शेवटी जिवंत कोण राहतं आणि श्रेयनामावलीत नाव कोणाचं आहे, तेवढं वहीत टिपत जा. 'द इन्व्हेडर्स'मध्ये प्रमुख करार मोडल्याची तक्रार घेऊन किल्ल्यावर येतो, तिथे थांबवा आणि ईगल शर्ट यांच्या हातांकडे बघा.